शटरचं वजन कोण उचलतं?

पांढुर्ण्याच्या बाजारात सकाळी दुकानं उघडतात तेव्हा साठी ओलांडलेला दुकानदार वाकून दोन्ही बाजूंची कुलपं काढतो, हँडलला हात घालतो आणि शंभर किलोच्या आसपासचं लोखंड दोन-तीन झटक्यांत डोक्यावर नेऊन ठेवतो. हाच माणूस पन्नास किलोचं गव्हाचं पोतं हलवायला हमालाला हाक मारतो. त्याच्या दंडात सकाळी नऊ वाजता वेगळी ताकद येते असं नाही. शटरचं बहुतेक वजन त्याच्या हाताला लागतच नाही. ते वजन वर, पत्र्याच्या आवरणाआड, पीळ भरून बसलेल्या स्प्रिंगा उचलतात. दुकानदार शटरला फक्त सुरुवात करून देतो.

शटरला मोटर बसवायची तर सगळा विचार इथून सुरू व्हायला हवा. व्यवहारात तो बहुधा उलट्या टोकाकडून होतो. ‘शटर जड झालं भाऊ, मोटर लावून द्या,’ असं म्हणत लोक फॅब्रिकेशनच्या दुकानात येतात. जड झालेलं शटर हे दुखणं आहे, आणि मोटर हे त्या दुखण्याचं औषध नाही. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, हाताने हलकं चालणारं शटरच मोटर बसवण्याच्या लायकीचं असतं.

पांढुर्णा आणि सौसर ही पूर्वी छिंदवाडा जिल्ह्याची गावं. 2023 साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. पांढुर्णा नागपूर-बैतूल रस्त्यावर आणि नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर, सौसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर. राज्य मध्य प्रदेश असलं तरी घरातली बोली मराठी आणि मोठ्या खरेदीची वाट नागपूरची. शटरच्या मोटरी, रिमोट, स्प्रिंगा नागपूरहूनच येतात. अमेरिकेत मोटारीच्या गॅरेजला जसा वर सरकून छताखाली आडवा होणारा दरवाजा असतो, तसा इथे क्वचितच दिसेल. इथला वर जाणारा दरवाजा म्हणजे गुंडाळणारं शटर. खाली दुकान आणि वर घर अशा बांधणीत तेच दुकानाचं दार, तेच गोदामाचं दार आणि रात्री मोटरसायकल किंवा गाडी आत घेतली की तेच गॅरेजचंही दार. संत्र्याच्या हंगामात क्रेट त्याच्याखालून जातात, कापसाच्या हंगामात गाठोडी जातात. दुकानं चालवणारी पिढी म्हातारी होत चालली आहे, मुलं पुण्याला किंवा नागपूरला. मोटरची मागणी वाढण्याचं हे एक सरळ कारण आहे, आणि ती गरज खरी आहे.

आधी वजनाचा हिशेब करू. दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच, म्हणजे 3 मीटर बाय 3 मीटरचं शटर घ्या. पट्ट्यांचा पत्रा 0.9 मिलिमीटर जाडीचा. पोलादाची घनता घनमीटरला 7850 किलो, म्हणून हा पत्रा सपाट असता तर चौरस मीटरला 7 किलो भरला असता. पण शटरची पट्टी सपाट नसते. तिला मधे फुगवटा असतो आणि दोन्ही कडांना एकमेकींत अडकणाऱ्या वळ्या असतात, त्यामुळे जास्त पत्रा लागतो. त्यात टोकांची लॉकं आणि तळाची जाड पट्टी धरली की चौरस मीटरला दहा-अकरा किलो होतात. 9 चौरस मीटरला सुमारे शंभर किलो. रोलिंग शटरसाठी भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक आय.एस. 6248. त्यात साडेतीन मीटर रुंदीपर्यंत 0.9 मिलिमीटर आणि त्यापुढे 1.25 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या सांगितल्या आहेत. हाताने ओढायच्या शटरचं क्षेत्रफळ बॉल बेअरिंगशिवाय 8 चौरस मीटर आणि बेअरिंगसह 12 चौरस मीटर यापुढे जाऊ नये, असंही ते मानक सांगतं. आपलं 9 चौरस मीटरचं शटर म्हणजे बेअरिंग मागणारं शटर. शटर घेताना बेअरिंग आहेत का, हे विचारायला लोक विसरतात आणि पुढे कित्येक वर्षं खांद्यावर त्याची किंमत मोजतात.

शंभर किलो वर न्यायला ऊर्जा किती लागते? शटर गुंडाळलं जात असल्यामुळे सगळ्यात वरची पट्टी जेमतेम हलते आणि तळाची पट्टी पूर्ण 3 मीटर चढते. सरासरी दीड मीटर धरा. हिशेब होतो सुमारे 1470 ज्यूलचा. 9 वॅटचा एलईडी बल्ब पावणेतीन मिनिटं जळला की एवढी ऊर्जा खर्ची पडते. ऊर्जा अशी मामुली आहे. अडचण आहे ती बळाची, कारण माणसाला ती ऊर्जा चार-पाच सेकंदांत आणि वाकलेल्या कमरेने द्यायची असते. स्प्रिंग ही अडचण सोडवते. रात्री शटर खाली येताना त्याचं वजन स्प्रिंगला पीळ देतं, ऊर्जा रात्रभर तिथे साठून राहते आणि सकाळी परत मिळते. तराजूच्या एका पारड्यात शटर आणि दुसऱ्यात स्प्रिंग असा हा मामला आहे.

फरक एवढाच की या तराजूची दोन्ही पारडी सारखी बदलत राहतात. शटर पूर्ण खाली असतं तेव्हा पूर्ण शंभर किलो लटकत असतात. अर्धं वर गेलं की लटकणारं वजन पन्नास किलो उरतं, कारण बाकीचं वर गुंडाळलं जाऊन पाइपावर बसलेलं असतं. पूर्ण वर गेल्यावर जवळपास फक्त तळपट्टी लटकते. स्प्रिंगचंही तसंच. शटर खाली असताना तिला सगळ्यात जास्त पीळ असतो आणि वर जाता जाता तो सुटत जातो. जितका पीळ तितका जोर, हा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने 1678 साली छापून प्रसिद्ध केला होता. वजन सरळ रेषेत उतरतं, स्प्रिंगचा जोरही सरळ रेषेत उतरतो, आणि म्हणून दोन्ही जवळपास जुळतात. मला या यंत्रातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. कुठलंही गणित न शिकलेले मिस्त्री शटरला हात लावून ही जुळणी साधतात.

जुळणी तंतोतंत मात्र कधीच होत नाही. शटर जसं गुंडाळलं जातं तसा वरचा रोल जाड होतो. सुरुवातीला पट्ट्या पाइपाच्या मध्यापासून साधारण 11 सेंटिमीटरवर ओढत असतात, शेवटी 15-16 सेंटिमीटरवर. लटकणारं वजन कमी होतं पण त्याचा हात लांबतो. त्यामुळे मधल्या टप्प्यात शटर किंचित जड लागणं साहजिक आहे. चांगला मिस्त्री ही तफावत सोयीने वाटून घेतो. शटर खाली असताना वजन थोडं जास्त, म्हणजे ते आपोआप उचललं जात नाही. पूर्ण वर असताना स्प्रिंग थोडी जास्त, म्हणजे ते डोक्यावर सरकून येत नाही. त्यासाठी शटर वर असतानाही स्प्रिंगमध्ये एक-दोन फेऱ्यांचा पीळ राखून ठेवलेला असतो.

आता आत डोकावू. आपल्याकडच्या नेहमीच्या शटरमध्ये दोन ब्रॅकेटांच्या मधे एक लोखंडी पाइप क्लॅम्पने घट्ट आवळलेला असतो. हा पाइप फिरत नाही. त्याच्यावर दोन, तीन किंवा चार गोल डबे बसवलेले असतात आणि प्रत्येक डब्यात पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते. तिचं आतलं टोक पाइपाला अडकवलेलं आणि बाहेरचं टोक डब्याला. शटर डब्यांना जोडलेलं असतं, म्हणून शटर हललं की डबे फिरतात आणि स्प्रिंगा आवळतात किंवा सुटतात. पीळ कमी-जास्त करायचा तर क्लॅम्प सैल करून पाइप पान्याने पाइपच फिरवावा लागतो.

ही कृती घरच्या घरी करू नका, असं मी अगदी मनापासून सांगतो. क्लॅम्प सैल झाला त्या क्षणी सगळ्या स्प्रिंगांचा साठलेला जोर त्या एका पान्यावर येतो. आपल्या शटरच्या हिशेबात हा जोर शंभर न्यूटन-मीटरच्या घरातला आहे, म्हणजे पान्याच्या एक मीटर लांबीच्या टोकाला दहा किलो आणि अर्ध्या मीटरच्या टोकाला वीस किलो. आकडा ऐकायला फार वाटत नाही, पण पाना निसटला तर पाइप फेऱ्यामागून फेरे घेत सुटतो आणि पाना मनगटाचा, जबड्याचा, शिडीवरच्या तोलाचा विचार करत नाही. हे काम दोन माणसांचं आहे, भक्कम घोडीवर उभं राहून करायचं आहे, आणि ज्याने ते आधी केलंय त्याच्याच हातचं आहे.

मोटर बसवण्याआधीची परीक्षा मात्र कुणालाही घेता येते आणि तिला हत्यार लागत नाही. शटर गुडघ्यापर्यंत उचला आणि हळूच हात सैल करा. मग कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. प्रत्येक ठिकाणी ते थांबायला हवं, किंवा अगदी सावकाश एखाद-दोन वीत सरकायला हवं. धाडकन खाली आलं तर स्प्रिंग कमी पडते आहे. हात सोडताच वर पळालं तर पीळ जास्त आहे. हे करताना पाय शटरच्या रेषेत ठेवू नका आणि मुलांना लांब ठेवा. दुसरी परीक्षा डोळ्यांची: तळपट्टी जमिनीशी समांतर चढते का? एका बाजूने आधी वर जात असेल तर दुसऱ्या बाजूच्या डब्यातली स्प्रिंग तुटलेली असण्याची शक्यता आहे. तीन डब्यांपैकी एकातली स्प्रिंग तुटली की एक तृतीयांश आधार गेला, म्हणजे तेहतीस किलोंच्या आसपास वजन हातावर आलं. ‘जड झालं’ या तक्रारीचा अर्थ बऱ्याचदा हाच असतो.

मोटर अशा शटरवर बसवली तर काय होतं? सुरुवातीला काहीच होत नाही. बटण दाबलं की शटर वर जातं, मालक खूश होतो. मोटर ते तेहतीस किलो निमूट ओढते. पण शटर तिरपं चढत राहतं, एका बाजूच्या चॅनलमध्ये पट्ट्यांची टोकं घासतात, मोटर तापते, उरलेल्या स्प्रिंगांवर विषम ताण येतो. हाताने उघडत असताना खांदा जो दोष रोज सांगत होता, तो मोटर आल्यावर कुणीच सांगत नाही. वर्षा-दोन वर्षांनी दुसरी स्प्रिंग जाते, आणि तेव्हा बोलणं ‘मोटर खराब निघाली’ असं होतं. म्हणून मोटरच्या खर्चात स्प्रिंगा तपासण्याचा, गरज असेल तर सगळ्या एकदम बदलण्याचा आणि बेअरिंगचा खर्च आधीच धरावा. जो मिस्त्री शटरला हात न लावता मोटरचा भाव सांगतो, त्याच्याकडे काम देण्याआधी मी दोनदा विचार करीन.

चॅनलही तपासावेत. पट्ट्या ज्या दोन उभ्या चॅनलांमधून धावतात, त्यात रस्त्याची धूळ आणि कापसाचे तंतू जमतात. त्यावर कुणीतरी मायेने ग्रीस फासलेलं असतं. ग्रीसमध्ये धूळ बसली की त्याचा घोटून घोटून लेप होतो आणि तो पट्ट्यांना अडवतो. चॅनल कोरड्या फडक्याने पुसून ठेवावेत आणि तेल लावायचंच तर पातळ आणि थोडं. पट्ट्यांना पोचे आहेत का तेही पाहावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीत गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक होते, आणि नदीजवळच्या दुकानांची शटरं त्या दिवशी खालीच असतात. पोचा दगडाचा असो की ट्रॉलीच्या धडकेचा, पोचलेली पट्टी गुंडाळताना शेजारच्या पट्टीत नीट बसत नाही. हाताला तो अडथळा जाणवतो आणि माणूस थांबतो. मोटर थांबत नाही. उन्हाळ्यात पत्रा तापून 3 मीटर रुंदीचं शटर मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर वाढतं. चॅनलमध्ये तेवढी मोकळीक नसेल तर हिवाळ्यात छान चालणारं शटर मे महिन्यात अडकतं.

एवढं झालं की मोटरकडे वळायचं. दुकानांच्या शटरला मुख्यतः दोन तऱ्हेच्या मोटरी लागतात. पहिली मधली मोटर. ती त्या न फिरणाऱ्या पाइपाच्या मध्यावर, डब्यांच्या ओळीत बसते आणि तिचं फिरणारं कडं शटरला जोडतात. स्प्रिंगा जागच्या जागी राहतात. ही मोटर स्प्रिंगांनी तोललेल्या शटरसाठीच बनवलेली असते आणि तिच्यावर लिहिलेली क्षमता तोल बरोबर आहे असं गृहीत धरूनच लिहिलेली असते. दुसरी बाजूची मोटर. ती एका ब्रॅकेटवर बसते आणि साखळीने पाइप फिरवते. त्यासाठी जुना न फिरणारा पाइप काढून बेअरिंगवर फिरणारा शाफ्ट टाकावा लागतो, आणि हे करताना बहुतेक वेळा स्प्रिंगा काढून टाकतात.

स्प्रिंगांशिवाय शंभर किलो उचलणं मोटरला अशक्य नाही. शटर मिनिटाला चारेक मीटर या वेगाने चढतं. त्या वेगाने शंभर किलो उचलायला 65 वॅटच्या आसपास ताकद पुरते आणि गिअरमधलं घर्षण धरलं तरी साध्या सिंगल फेज मोटरला ते जमतं. सौसर तालुक्यातल्या बोरगावसारख्या औद्योगिक क्षेत्रात गोदामांच्या शटरांना बाजूची मोटरच योग्य, कारण त्या आकाराला हात कधीच पुरणार नसतो. दहा फुटी दुकानासाठी मात्र माझं मत स्प्रिंगा ठेवण्याच्या बाजूचं आहे. स्प्रिंगा काढल्या की शंभर किलो एका साखळीवर, एका ब्रेकवर आणि मोटरच्या गिअरवर लटकतात. साखळी तुटली तर पडणारं शटर जागीच पकडणारा वेगळा अडकाव शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला बसवायलाच हवा, आणि पैसे वाचवताना नेमका तोच वगळला जातो. स्प्रिंगा जागेवर असतील तर साखळी तुटली तरी शटर धाडकन खाली येत नाही. शिवाय लाइट गेल्यावर ते हाताने उचलता येतं.

लाइट जाण्याचा विचार इथे सगळ्यात आधी करावा, कारण पावसाळ्यातल्या वादळी संध्याकाळी दुकान बंद करायची वेळ आणि वीज जाण्याची वेळ एकच येऊ शकते. बाजूच्या मोटरला हाताने ओढायची साखळी असते. ती ओढत राहिलं की गिअरमधून शटर सावकाश उतरतं, वेळ लागतो पण काम होतं. मधल्या मोटरला एक तार असते. ती ओढली की ब्रेक सुटतो आणि शटर हाताने चालतं. अडचण अशी की साखळी आणि तार दोन्ही दुकानाच्या आत असतात. दुकानाला मागचं दार असेल तर प्रश्न नाही. पण कितीतरी दुकानांना शटर हीच एकमेव वाट असते. सकाळी वीज नाही, तार आत, मालक बाहेर. मोटर घेतानाच बाहेरून किल्लीने उघडणारी सुटकेची पेटी मागून घ्या, नाहीतर शटरमध्येच छोटं दार ठेवा. इन्व्हर्टरवर मोटर चालेल असं सांगणाऱ्याला, इन्व्हर्टर मोटरचा सुरुवातीचा झटका पेलेल का, हे तिथल्या तिथे चालवून दाखवायला सांगा.

कुलूपही असंच विचार करण्याजोगं आहे. मोटर बसवल्यावरही लोक रात्री जुनी बाजूची कुलपं लावतात, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते चुकीचं नाही. सकाळी घाईत कुणी एक कुलूप काढायचं विसरतं आणि बटण दाबतं. एक बाजू जमिनीला जखडलेली, दुसरी मोटर ओढते आहे. काही सेकंदांत तळपट्टी वाकते, पट्ट्या वळीतून निसटतात आणि शटर चॅनलमधून बाहेर येतं. मोटर लावलेल्या शटरचं असं नुकसान सहज टाळता येतं. कुलपाजवळ छोटा स्विच बसवून कुलूप लागलेलं असेल तर मोटरला वीजच मिळू नये अशी जोडणी करता येते. ती जमत नसेल तर बाजूची कुलपं काढून टाकून मोटरच्या ब्रेकवर आणि आतल्या एका चांगल्या कुलपावर भिस्त ठेवावी. दोन्ही अर्धवट ठेवू नये.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. हाताने शटर खाली ओढणारा माणूस शटरखाली काय आहे ते पाहत असतो. रिमोट हातात असलेला माणूस गाडीत बसलेला असू शकतो, गल्ल्यावर हिशेब करत असू शकतो, वरच्या मजल्यावर असू शकतो. मोटरमुळे बंद करणाऱ्याचे डोळे दरवाजापासून दूर जातात. अमेरिकेने हा धडा फार महागात शिकला. तिथे सी. जी. जॉन्सन याने 1921 साली वर उचलला जाणारा गॅरेजचा दरवाजा आणला आणि 1926 साली त्याला विजेची मोटर जोडली. पुढे घराघरांत या मोटरी बसल्या आणि दरवाजाखाली सापडून लहान मुलं दगावण्याच्या घटना घडत राहिल्या. अखेर कायदा झाला. 1993 पासून तिथे घरगुती गॅरेजसाठी बनणाऱ्या मोटरीला, खाली काही आपटलं तर दरवाजा उलटा वर जाण्याची सोय तर हवीच, पण त्याखेरीज दाराच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाचा किरण टाकणारे डोळे किंवा तशीच दुसरी व्यवस्था सक्तीची आहे. हे डोळे जमिनीपासून सहा इंचांपेक्षा उंच लावायचे नसतात, कारण रांगणारं मूलही त्यात यायला हवं. युरोपात नियम बळाच्या भाषेत आहे. दरवाजा बंद होत आला असताना, म्हणजे फट 5 ते 50 सेंटिमीटरची उरली असताना, त्याने 400 न्यूटनपेक्षा म्हणजे साधारण 40 किलोच्या दाबापेक्षा जास्त जोर लावता कामा नये, आणि तो जोर पाऊण सेकंदात 150 न्यूटनच्या खाली यायला हवा.

पांढुर्ण्यात किंवा सौसरात मोटर घेताना हे डोळे तुम्ही मागितल्याशिवाय कुणी लावून देईल अशी अपेक्षा धरू नका. मागा. मोटरच्या किमतीच्या मानाने ते महाग नसतात. वर राहतं घर असेल आणि खाली नातवंडं खेळत असतील तर डोळ्यांशिवाय रिमोट घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. मग बटण भिंतीवर, शटर पूर्ण दिसेल अशा जागी आणि मुलांच्या हाताबाहेर लावा, आणि जोडणी अशी करून घ्या की बटण दाबून धरलं तरच शटर खाली येईल, बोट सुटलं की थांबेल. ही जोडणी कोणताही जाणता इलेक्ट्रिशियन करू शकतो. मांजर, मूल, ठेवलेली पिशवी, काहीही खाली आलं तर बोट आपसूक सुटतं.

मोटरला खालची आणि वरची थांबण्याची जागा शिकवणारे स्विच असतात. बसवल्या दिवशी ते नीट लावले तरी काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे लागतात, कारण नवी साखळी किंचित ताणली जाते आणि पट्ट्या आपापल्या जागी बसतात. खालची जागा एखाद्या सेंटिमीटरने चुकली तर शटर जमिनीवर टेकल्यावरही मोटर ढिली पट्टी सोडत राहते आणि वरचा रोल सैल होऊन आवरणाला घासतो.

विजेचं काम स्वतंत्र करावं. मोटरसाठी वेगळा एमसीबी, वेगळी वायर आणि पक्कं अर्थिंग. संपूर्ण शटर हा नऊ चौरस मीटरचा लोखंडी पत्रा आहे आणि रस्त्यावरचा कुणीही त्याला हात टेकवतो, पावसात ओल्या हातानेही टेकवतो. मोटरच्या गुंडाळीतली वीज आवरणात उतरली तर ती ब्रॅकेटमधून थेट या पत्र्यावर येईल. म्हणून 30 मिलिअँपिअरचा, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी या सर्किटवर हवाच. जुन्या वस्तीतल्या कितीतरी दुकानांत अर्थिंगची तार बोर्डापर्यंत येते आणि तिथेच संपते. ती खरोखर जमिनीत गेली आहे का, हे मोजून घ्यावं. आणि सिंगल फेज मोटर थोड्या वेळाच्या कामासाठी बनलेली असते. मुलांनी गंमत म्हणून पाच-सात वेळा सलग वरखाली केलं तर आतला उष्णतेचा स्विच तिला बंद करतो. मोटर जळाली असं समजून लगेच मिस्त्रीला फोन करू नका, तिला निवू द्या.

न्यू जर्सीला किंवा टेक्सासला राहणाऱ्या मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना तिथला गॅरेजचा दरवाजा वेगळाच भासतो, पण त्याचा आत्मा हाच आहे. तिथे दरवाजा चार-पाच फळ्यांचा असतो, बिजागऱ्यांनी जोडलेला. तो रुळावरून चढून छताखाली आडवा होतो. वर दरवाजाच्या कपाळावर पीळ दिलेल्या एक-दोन लांब स्प्रिंगा असतात, त्यांच्या टोकांच्या ढोलावरून तारा खालच्या कोपऱ्यांना जातात. वर जाताना एकेक फळी आडव्या रुळावर टेकते, तिचं वजन रूळ घेतो आणि लटकणारं वजन कमी होतं. आपल्याकडे ते काम गुंडाळी करते. छताला लावलेली मोटर दरवाजाला जोडलेल्या एका सरकत्या घोड्याला ओढते आणि त्या घोड्याला लोंबणारी लाल दोरी असते. परीक्षाही तीच: दरवाजा बंद असताना लाल दोरी ओढून मोटर सोडवा, दरवाजा हाताने अर्ध्यावर न्या आणि सोडा. तो थांबला तर तोल ठीक आहे. तिथल्या नेहमीच्या स्प्रिंगा साधारण दहा हजार वेळांसाठी बनवलेल्या असतात. दिवसातून चार वेळा उघडझाप केली तर सात वर्षांत संपतात. घरातल्या मोटारीचा मार्ग जर गॅरेजमधूनच असेल तर हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्प्रिंग तुटताना बंदुकीसारखा आवाज होतो आणि त्यानंतर बटण दाबत राहणं म्हणजे मोटरचे गिअर खाणं. अशा वेळी दरवाजा खाली असेल तर तिथेच राहू द्यावा.

आपल्या शटरला असा आकडा छापलेला येत नाही, म्हणून तारीख आपणच नोंदवावी. स्प्रिंगा बदलल्या त्या दिवशी मोटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला मार्करने महिना आणि साल लिहून ठेवा, मिस्त्रीचा नंबरही. दर सहा महिन्यांनी तार ओढून मोटर सोडवा आणि गुडघा, कंबर, छाती अशी ती तीन टप्प्यांची परीक्षा पुन्हा घ्या. शटर मधे थांबलं नाही तर मोटर चालू असली तरी बटण बंद करून मिस्त्रीला बोलवा. सुटकेच्या पेटीची किल्ली दुकानात टांगू नका, ती घरी ठेवा, आणि दुसरी किल्ली शेजारच्या दुकानदाराकडे द्या.